पानाच्या डाव्या बाजूचें लिंबू

इंग्रजी शिकलेला मनुष्य कागदी लिंबाला ‘लेमन’ म्हणून मोकळा होतो. वस्तुतः युरोपांतील लेमन निराळें आणि आपलें कागदी लिंबू निराळें. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या वंशशोधानें मात्र दोघांचें पितृकुल एकच ठरविलें आहे, आणि तें म्हणजे महाळुंग. चरकसंहितेंत ‘मातुलुंग’ या नांवानें येणारें, कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातीं असलेलें फळ तें हेंच. पिता देवतेच्या हातीं राहिला आणि स्वयंपाकघर पुत्रानें जिंकलें!

पण कितपत जिंकलें? हिंगोली, कळमनुरी, वसमत या भागांतील जेवण पाहिलें तर भांड्यांत शिजते ती चिंच. आमटीला आंबटपणा तिचाच. लिंबू चुलीवर चढत नाहीं; तें मिठाशेजारीं, पानाच्या डाव्या बाजूस, फोड होऊन बसतें. ही केवळ रीत नव्हे. लिंबाचा रस उकळला कीं सुगंध उडतो आणि कडवटपणा वर येतो. म्हणून वरणभातावर तें जेवणारा स्वतः पिळतो, आणि मराठवाड्याच्या सुशील्यावरही तें शेवटींच पडतें. स्वयंपाकिणीनें आंबटाचा निर्णय जेवणाऱ्यावर सोडावा, असा दुसरा पदार्थ आमच्या आठवणींत नाहीं.

लिंबाचें खरें राज्य लोणच्यांत. झाडाला मुख्य बहर येतो तो पावसाळ्यांत तोडावयाचा, आणि सरबताची तहान लागते ती वैशाखांत. हस्त बहार धरून उन्हाळ्यांत फळ आणणें सर्वांस साधत नाहीं. तेव्हां पावसाळ्यांतलें स्वस्त लिंबू मीठ आणि हळद लावून बरणींत भरावें, हाच घरोघरचा तोडगा. हळदीसाठीं दूर जावें लागत नाहीं. वसमत तिच्यासाठींच प्रसिद्ध आहे. लोणच्यांत रसाइतकीच साल महत्त्वाची. ती कागदासारखी पातळ, म्हणूनच नांव कागदी. जाड सालीचें लिंबू महिनोन् महिने मुरलें तरी दांताखालीं चिवट लागतें.

येथें परभणीच्या कृषि विद्यापीठाचा उल्लेख हवा. तें १९७२ सालीं स्थापन झालें, आणि १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यांतच होती. प्रमालिनी, विक्रम आणि चक्रधर हे तेथील वाण. प्रमालिनीचीं फळें घोसानें लागतात. तिच्यांत रस शेंकडा ५७, साध्या कागदींत ५२, असें सांगतात. चक्रधराला कांटा नाहीं, बीही नाहीं. बी कडू म्हणून लोणचें घालतांना ती एकेक वेंचून काढणाऱ्या गृहिणीला हा वाण देणगीच वाटेल. मात्र या वाणांची थोरवी सांगतांना रसाचा आंकडा पुढें येतो, सालीचा येत नाहीं. रस सरबतवाल्याला लागतो. बरणी सालीवर चालते. मुरलेल्या फोडीची चव घेऊन वाण निवडण्याचें काम विद्यापीठानें केलें, तर त्या परीक्षेला बसावयास हिंगोलीकडच्या आजीबाई आनंदानें येतील.