अर्जुनसाल आणि हृदयपेशी : एका प्रश्नाचा इतिहास

नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरच्या वनप्रदेशात ओढ्यांच्या काठी अर्जुनवृक्ष आढळतो आणि सागाच्या मिश्र वनात त्याचाच भाऊबंद ऐन. लोकभाषेत ‘सादडा’ हे नाव दोघांनाही लावले जाते. वनसंपत्ती अत्यल्प असलेल्या लातूरकडे ही साल वाळलेल्या तुकड्यांच्या रूपाने काष्ठौषधींच्या दुकानातूनच घरी येते. म्हणून ‘अर्जुनसाल हृदयाचे रक्षण करते’ या विधानाची छाननी हा केवळ पांडित्याचा विषय नव्हे.

अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताने हृद्रोगावर दुधात सिद्ध केलेली अर्जुनसाल सांगितली आहे. तथापि ग्रंथोक्त ‘हृद्रोग’ आणि आजचा हृदयविकार यांची व्याप्ती एकच होती, असे मानता येत नाही.

विल्यम विदरिंगने १७८५ मध्ये डिजिटालिसचे गुण प्रसिद्ध केल्यापासून हृदयौषध म्हणजे हृदयाच्या आकुंचनास बळ देणारे द्रव्य, अशी धारणा दृढ झाली. १९२९ मध्ये कलकत्त्यास चोप्रा व घोष यांनी, आणि १९३० मध्ये मुंबईच्या हाफकिन संस्थेतील कायस व म्हसकर प्रभृतींनी या सालीचे परीक्षण प्रसिद्ध केले. चोप्रा-घोष यांना तीत डिजिटालिससारखे ग्लायकोसाइड सापडले नाही. औषधाविषयीचा उत्साह मावळणे मग स्वाभाविकच होते.

पुढे प्रश्नच पालटला. खंडित झालेला रक्तपुरवठा पूर्ववत् होताना प्राणवायूपासून निर्माण होणारी मुक्तमूलके हृदयपेशींच्या आवरणांस इजा करतात, हे ध्यानी आल्यावर ‘बळ’ मागे पडून ‘रक्षण’ पुढे आले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उंदरांवरील प्रयोगांत सालीचे चूर्ण व तीतील अर्जुनोलिक आम्ल यांमुळे ही हानी घटल्याचे दिसून आले. परंतु दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने हृदयदौर्बल्याच्या रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीस सालीचा जलीय अर्क देऊन जी चाचणी घेतली, तिचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयाच्या रक्त बाहेर टाकण्याच्या क्षमतेत तीत सुधारणा आढळली नाही.

या निष्कर्षांत वरकरणी विरोध भासतो. वस्तुतः प्रत्येकाने निराळ्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. ग्लायकोसाइडच्या अभावाने पेशीरक्षणाची शक्यता खोटी ठरली नाही; उंदराच्या हृदयातील रक्षणाने रुग्णाचा लाभही सिद्ध झाला नाही. परंपरा संशोधनास दिशा दाखविते, प्रमाण पुरवीत नाही. दुकानातील साल अर्जुनाची की ऐनाची, याचीच जेथे प्रथम निश्चिती व्हावयाची आहे, तेथे तिच्या भरवशावर चालू औषध सोडणाऱ्या रुग्णाला या भेदाचे मोल प्राणाने चुकवावे लागू शकते.