माल त्याचा, शिक्षा तिची

फेगिन ठाऊक असतो. डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला म्हातारा, पोरांना खिसे कापायला शिकवणारा. कादंबरी १८३७ पासून मासिकात क्रमशः आली. हा फेगिन म्हणजे लंडनचा आयकी सॉलोमन असं बरेचजण सांगतात, काहीजण नाही म्हणतात. त्या वादात मला पडायचं नाही. मला आयकीची बायको हवीय. अॅन तिचं नाव. चोरीचा माल घेतला म्हणून तिला सातासमुद्रापार धाडलं, आणि कादंबरी झाली ती नवऱ्यावर.

आयकी ज्यू. लंडनच्या जुन्या शहरहद्दीत किरकोळ दुकान टाकायला नगराची सनद लागायची. ती ज्यूंना १८३० पर्यंत मिळत नव्हती. मग जुने कपडे घ्या, मोडतोड घ्या, फेरी करा. आधी माणसाला एका धंद्यात कोंडायचं, मग त्याच धंद्यावरून त्याची जात चोर म्हणायची. ही रीत आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. म्हणून आयकी संत होता असं मी म्हणत नाही. चोरांचा माल तो घ्यायचाच, आणि थोडाथोडका नाही.

१८२७ साली तो सापडला. न्यूगेटच्या तुरुंगातून भाड्याच्या घोडागाडीनं त्याला कोर्टाच्या कामी नेलं. गाडी हाकणारा त्याचा सासरा! आयकी पसार झाला, डेन्मार्क गाठलं, तिथून अमेरिका.

मागं राहिली अॅन. पोलिसांनी तिला धरलं आणि सप्टेंबरात चौदा वर्षांची सजा झाली. साध्या चोराला बहुधा सात वर्षं, माल घेणाऱ्याला चौदा, असा हिशोब १७१८ च्या कायद्यापासून चालत आलेला. घेणारा नसेल तर चोर चोरी कशाला करील, असं त्यामागचं गणित. तिथला कायदा आणखी एक मानायचा: नवऱ्यासमोर बायकोनं असा गुन्हा केला तर तो त्याच्या धाकानं केला असं धरायचं. पण धाक दाखवणारा तर समुद्रापलीकडं पळालेला.

जून १८२८ मध्ये 'मर्मेड' जहाजातून ती होबार्टला उतरली. हे व्हॅन डिमेन्स लँड, आजचं टास्मानिया. बरोबर चार लहान पोरं.

आणि ऑक्टोबरात आयकी तिथं आला! आपल्या पायानं, स्लोमन हे खोटं नाव लावून. गावात जुनी गिऱ्हाइकं कैदी होऊन आलेलीच होती, त्यांनी लगेच ओळखलं. पण गव्हर्नर आर्थरकडं वॉरंट नव्हतं, त्यामुळं हात लावता येईना. आयकीनं घर घेतलं, दुकान टाकलं आणि बायको मागितली. तिथं कैद्यांना बिनपगारी चाकर म्हणून मोकळ्या लोकांच्या घरी कामाला देत. हजार पौंडांचा जामीन भरल्यावर अॅन त्याला मिळाली. कागदावर नवरा धनी, बायको त्याची कैदी चाकर. कागद बाजूला ठेवला तर आपल्या वस्तीत किती घरं वेगळी आहेत ते इथं लिहीत नाही, माझ्या आईला कुणीतरी वाचून दाखवील.

पुढं वॉरंट आलं. १८३० साली आयकीला लंडनला नेलं. आठ आरोप होते, दोन शाबीत झाले. त्यालाही चौदाच वर्षं. १८३१ साली तो कैदी म्हणून परत होबार्टला. १८३५ मध्ये सवलतीची चिठ्ठी मिळून न्यू नॉरफोकला संसार पुन्हा मांडला, पण भांडणं इतकी पेटली की अॅनची रवानगी बायकांच्या कैदखान्यात झाली.

एवढं सगळं कळतं कसं? सरकारच्या वह्यांमुळं. कैद्याची उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरचं गोंदण, केलेली चूक, सगळं लिहून ठेवलेलं. २००७ साली युनेस्कोनं ऑस्ट्रेलियाच्या कैद्यांचं हे दफ्तर जागतिक ठेवा म्हणून नोंदलं. आपल्याकडं गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ ला आला, पुढं मुंबई इलाख्यातही. तो १९५२ ला गेला. तोवर पारधी, कैकाडी पोलीसपाटलाकडं हजेरी देत होते. गरिबाची आजी शोधायची तर फौजदाराचीच वही उघडावी लागते. तिच्या बाजूनं कुणी ओळ लिहिलेली नसते.

आयकी १८५० साली होबार्टातच मेला. मागं सत्तर पौंडांचीसुद्धा इस्टेट नव्हती. अॅनला माफी मिळाली ती १८४० च्या मे महिन्यात. चौदापैकी तेरावं वर्ष चालू होतं.