उत्तरायण नेमकं कधी सुरू होतं?

आज बोलायचंय उत्तरायणावर, पण सुरुवात करतो पानिपतापासून. १४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी. ‘ऐन संक्रांतीला पानिपत झालं’ असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. १४ जानेवारी म्हटलं की संक्रांत, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की कुणाला शंका येत नाही. पण त्या वर्षी संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती. लढाई झाली त्यानंतर.

खोटं वाटतं? दुसरी तारीख घ्या. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा आणि तारीख १२ जानेवारी १८६३. आणि २०२४ साली आपण तिळगूळ वाटला तो १५ जानेवारीला. म्हणजे १०, मग १२, मग १५. सण हळूहळू पुढे सरकतोय.

आता आकाशात काय घडतं ते पाहू. जून अखेरपासून सूर्य दक्षिणेकडे सरकत जातो. २१ किंवा २२ डिसेंबरला तो सगळ्यात दक्षिणेला असतो. त्या दिवशी पुण्यात दिवस साधारण ११ तासांचा, पानिपताला सव्वादहा तासांचा. तिथून सूर्य परततो. हे खरं उत्तरायण.

मग संक्रांतीपासून दिवस तिळातिळानं वाढतो असं आपल्या आज्या म्हणायच्या, ते चूक का? हिशोब करून बघा. २१ डिसेंबर ते १४ जानेवारी या चोवीस दिवसांत पुण्यातला दिवस वाढतो सहा-सात मिनिटांनी. तेही सगळं संध्याकाळी, कारण सकाळचा सूर्योदय तर या काळात आणखी उशिरा होत जातो. पहाटे उठणाऱ्या बाईला दिवस वाढलेला कळणार कसा? तो जाणवायला लागतो संक्रांतीनंतर. आजीचं वाक्य अनुभवाचं होतं आणि अनुभव खरा होता. फक्त सूर्य आधीच वळलेला होता.

पण मुळात एकाच घटनेचे हे दोन दिवस झाले कसे? आपण राशी मोजतो ताऱ्यांवरून. ऋतू मात्र ताऱ्यांवर ठरत नाहीत, सूर्याच्या उत्तर-दक्षिण फिरण्यावर ठरतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अगदी संथ डुलतो. एक फेरी पुरी व्हायला जवळजवळ २६,००० वर्षं. त्यामुळे सुमारे ७२ वर्षांत एक अंशाचा फरक पडतो. याला अयनचलन म्हणतात. तारे आणि ऋतू यांची गाठ कायमची बांधलेली नाही, ती सरकती आहे.

आपल्या जुन्या लोकांना हे ठाऊक नव्हतं, असं समजू नका. वेदांगज्योतिषात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्राच्या सुरुवातीला सांगितलाय, माघ शुद्ध प्रतिपदेला. पुढे सहाव्या शतकात वराहमिहिर बृहत्संहितेत काय म्हणतो? जुन्या शास्त्रांत धनिष्ठा सांगितलीय, ती एके काळी खरी असेलही, पण आज उत्तरायण मकरेच्या आरंभी होतं. आणि पटत नसेल तर स्वतः पाहा! दूरवरची एखादी खूण धरा, तिच्याजवळ सूर्य कुठे उगवतो-मावळतो ते बघा. नाहीतर मोठं वर्तुळ काढा, मध्ये काठी रोवा, सावली कुठून आत येते, कुठून बाहेर जाते ते टिपा.

या दोन नोंदींत फरक आहे २३ अंशांहून थोडा जास्त. गुणिले ७२ करा, सोळा-सतराशे वर्षं निघतात. वराहमिहिरानंतर आपण पुन्हा जवळजवळ तेवढंच सरकलोय. आज सूर्य उत्तरेला वळतो तेव्हा तो मूळ नक्षत्रात असतो. मकर अजून चोवीस दिवस लांब.

एकोणिसाव्या शतकात यावरून महाराष्ट्रात जोरदार वाद झाला. मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित, पेशानं शिक्षक, १८९६ साली त्यांचं ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ आलं. त्यांचा आग्रह सायन पंचांगाचा, म्हणजे सण ऋतूंना बांधा. लोकमान्य टिळकांनी हेच अयनचलन वापरून १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये वेदांचा काळ मोजला, पण पंचांग त्यांना निरयन, ताऱ्यांवरचंच हवं होतं, फक्त वेधाशी जुळणारं. त्यातही ताऱ्यांची मोजणी कुठून सुरू करायची यावर एकमत नाही. म्हणून आजही टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत संक्रांत चारेक दिवस आधी होते. शेजारी-शेजारी दोन घरं, दोन संक्रांती.

स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती बसली. तिच्यात ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर होते, नागपूरचे के. ल. दफ्तरी होते. २२ मार्च १९५७ पासून भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. तिच्यात पौष महिना सुरू होतो २२ डिसेंबरला, खऱ्या उत्तरायणाला धरून. म्हणजे दीक्षितांचं म्हणणं सरकारी कागदावर आलं. संक्रांत मात्र जिथे होती तिथेच राहिली.

मग करायचं काय? आणखी हजार वर्षांनी संक्रांत जानेवारी संपता संपता येईल. पुढे कधीतरी तिळगूळ वाटायची वेळ उन्हाळ्यात येईल. तीळ, गूळ, काळी साडी हे सगळं थंडीचं आहे, थंडी गेली तर सणाला अर्थ काय उरणार? हा दीक्षितांचा प्रश्न आजही शिल्लक आहे. दुसरी बाजूही आहे. सण गणितावर चालत नाही, माणसं ज्या दिवशी एकत्र येतात त्यावर चालतो. मला विचाराल, तर १४ जानेवारी मोडू नये. पण त्या दिवसालाच उत्तरायणाचा आरंभ म्हणून मुलांना शिकवणंही थांबवावं. वराहमिहिराला ते आवडलं नसतं.

एक गोष्ट घरी करून बघा. डिसेंबरच्या विसाव्या तारखेपासून गच्चीवर काठी उभी करा, सूर्य ऐन दक्षिणेला आला की सावलीच्या टोकाला खडूनं खूण करा. चार-पाच दिवस काहीच हलत नाही असं वाटेल. मग सावली आखडायला लागेल. आता प्रश्न असतील तर घेऊ.