अणुसुरक्षेचे शिक्षण : ट्रॉम्बेपासून अंबरनाथपर्यंत

प्रतिनिधी, अंबरनाथ

दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात २०१० मध्ये एक जुने यंत्र फोडण्यात आले. त्यातील कोबाल्ट-६० या पदार्थाच्या किरणोत्साराने एका कामगाराचा मृत्यू झाला आणि काही जण गंभीर आजारी पडले. यंत्र दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाचे होते. १९८५ पासून ते वापरात नव्हते. अखेर लिलावात भंगार म्हणून विकले गेले. कोबाल्ट-६० ची तीव्रता निम्मी होण्यास सुमारे सव्वापाच वर्षे लागतात. त्यामुळे पंचवीस वर्षांनंतरही ते घातक होते.

अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या कारखानदारीच्या पट्ट्याने ही घटना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अणुसुरक्षा हा केवळ शास्त्रज्ञांचा विषय नाही; भांडारपालापासून भंगार व्यावसायिकापर्यंत सर्वांचा तो आहे.

तीन संज्ञा, तीन अर्थ

अपघात टाळणे म्हणजे सुरक्षितता. चोरी, घातपात वा गैरवापर रोखणे म्हणजे सुरक्षा. शस्त्रनिर्मितीस उपयोगी पडणारे साहित्य व तंत्रज्ञान अयोग्य हाती जाऊ न देणे, हा अण्वस्त्रप्रसारबंदीचा गाभा. भारताने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर स्वाक्षरी केलेली नाही. मात्र सामूहिक संहाराच्या शस्त्रांसंबंधीचा कायदा २००५ मध्ये केला.

शिक्षण कोठे?

भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय १९५७ मध्ये ट्रॉम्बे येथे सुरू झाले. अभियांत्रिकी पदवीधर व विज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी तेथे एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. होमी भाभा राष्ट्रीय संस्थेस २००५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. बारावीनंतर मूलभूत विज्ञानाकडे वळू इच्छिणाऱ्यांसाठी मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात अणुऊर्जा विभागाच्या सहकार्याने चालणारे केंद्र आहे. तेथे ‘नेस्ट’ परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो.

अणुसुरक्षेचे स्वतंत्र प्रशिक्षण हरियाणातील बहादूरगडजवळच्या जागतिक अणुऊर्जा भागीदारी केंद्रात दिले जाते. या केंद्राची घोषणा २०१० च्या वॉशिंग्टन परिषदेत झाली. तेथील पाच विद्यालयांपैकी एक अणुसुरक्षेला वाहिलेले आहे.

कारखान्यांची जबाबदारी

वेल्डिंगचे जोड तपासण्यासाठी इरिडियम-१९२ सारखे गॅमा स्रोत वापरले जातात. अशा कामासाठी प्रमाणित रेडिओग्राफर आणि किरणोत्सार सुरक्षा अधिकारी आवश्यक असतो. परवान्याची प्रक्रिया अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे. स्रोत आला केव्हा, ठेवला कोठे, परत गेला केव्हा, याची नोंद हीच सुरक्षेची पहिली पायरी होय.

निर्यातदारांसाठी दुसरी बाजू आहे. विशिष्ट पोलाद, निर्वात पंप किंवा अचूक यंत्रे नागरी उद्योगात वापरली जातात, तशीच अणुकार्यक्रमातही. अशा दुहेरी उपयोगाच्या वस्तू ‘स्कोमेट’ यादीत असतात; त्यांच्या निर्यातीस परवाना लागतो. ग्राहक कोण आणि माल कशासाठी हवा, हे विचारणे येथे औपचारिकता राहत नाही.

उणीव कोठे?

उच्च शिक्षणाची दारे ट्रॉम्बे व कालिना येथे, म्हणजे लोकलच्या अंतरावर आहेत. परंतु मायापुरीत ज्यांच्या हाती ते यंत्र पडले, ते पदवीधर शास्त्रज्ञ नव्हते. पिवळ्या पाटीवरील तीन पाकळ्यांचे चिन्ह दिसताच वस्तूला हात न लावणे, लोकांना दूर करणे आणि पोलिसांना कळविणे, एवढे शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांपासून भंगाराच्या गोदामापर्यंत पोहोचले, तरी अनेक जीव वाचू शकतील.