गरम कुंडातलं न दिसणारं धन

पालीच्या बल्लाळेश्वराला गेलं की आपल्या पनवेलकडच्या बायका उन्हेऱ्याच्या गरम कुंडावर थांबतातच. पाय बुडवायचे, गुडघे शेकायचे आणि मग गाडीत बसायचं. महाडजवळ सव, भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरी आणि अकलोली, तिकडे नांदेडला किनवटजवळ उनकेश्वर, अशी गरम पाण्याची कुंडं आपल्या राज्यात बरीच आहेत. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात. आज त्यांचीच गोष्ट सांगते.

कढत दुधात विरजण घातलं तर दही लागत नाही, कारण विरजणातले जिवाणू मरतात. गरम झऱ्यातल्या काही जिवाणूंना मात्र तीच उष्णता मानवते. त्यांची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, कढत पाण्यातही काम करतात. विकर म्हणजे काय? भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो ना, ते लाळेतल्या विकराचं काम.

कारखान्यांना विकरं लागतात ती अशाच कामांना. मागावर सूत तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात आणि कापड रंगवण्याआधी ती काढून टाकतात. पूर्वी त्यासाठी आम्ल वापरत, त्याने कापड कमजोर व्हायचं. १९१७ मध्ये युरोपात बॉइदँ आणि एफ्राँ यांनी जिवाणूंच्या विकराने खळ काढायची रीत आणली. पण खळ सुटते गरम पाण्यात, म्हणून उष्णता सोसणारं विकर हवं होतं. १९७० च्या दशकात मातीतल्या एका जिवाणूपासून तसं विकर बाजारात आलं. हे जिवाणू मोठ्या बंद टाक्यांत पिठुळ खाद्य आणि हवा देऊन वाढवतात, मग पाणी गाळून विकर वेगळं करतात. ते किती उष्णतेत, किती वेळ टिकतं, हे प्रयोगशाळेत तपासतात.

सगळ्यात मोठी गोष्ट घडली अमेरिकेत. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९६६ साली थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना एका गरम झऱ्यात थर्मस अ‍ॅक्वाटिकस नावाचा जिवाणू मिळाला. १९७६ मध्ये त्याच्यापासून एक विकर वेगळं केलं गेलं. १९८३ मध्ये कॅरी म्युलिस यांनी डीएनएच्या असंख्य प्रती काढायची पीसीआर ही रीत शोधली. तिच्यात मिश्रण पुन्हा पुन्हा सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवावं लागतं. साधं विकर दर वेळी निकामी व्हायचं, झऱ्यातलं हे विकर टिकलं. म्युलिस यांना १९९३ मध्ये नोबेल मिळालं. २०२० मध्ये नाकात काडी घालून आपली जी आरटी-पीसीआर तपासणी झाली, ती याच रीतीची.

या रीतीचे हक्क १९९१ मध्ये ३० कोटी डॉलरला विकले गेले. ज्या उद्यानातल्या झऱ्यातून तो जिवाणू आला, त्याला त्यातला वाटा मिळाला नाही. कारण नमुना नेताना कसलाच करार झालेला नव्हता.

मैत्रिणींनो, आपल्याला शिकायचं आहे ते इथे. उनकेश्वरच्या पाण्यातल्या जिवाणूंचा पुण्याच्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला आहे. अभ्यास व्हायलाच हवा, पण गावाचं नाव त्यातून पुसलं जाऊ नये. आपल्याकडे २००२ चा जैविक विविधता कायदा आहे. त्यात झाडं आणि प्राण्यांबरोबर सूक्ष्म जीवही धरले आहेत. धंद्यासाठी ते वापरायचे तर लाभातल्या वाट्याची तरतूद आहे. त्यासाठी ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवतात. २००४ च्या नियमांनी या समितीत किमान एक तृतीयांश जागा बायकांना दिल्या.

ज्यांच्या गावात कुंड आहे, त्यांनी पुढच्या ग्रामसभेत दोनच प्रश्न विचारा. समितीत आपल्यापैकी कोण आहे? आणि नोंदवहीत आंबा-जांभळासोबत आपल्या कुंडाची ओळ आहे का? नसेल तर लिहून घ्या. आणि तोवर कुंडात साबण, प्लास्टिक आणि निर्माल्य टाकू नका. ते त्या जिवाणूंचं घर आहे.