पेठ कुठली तुझी? कोल्हापूरच्या फुटबॉल सीझनची गोष्ट

आजचा एपिसोड फुटबॉलचा आहे, पण मेस्सी-रोनाल्डोचा नाही. आज आपण शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर जाऊन बसणार आहोत. तिथली मॅच टीव्हीवर लागत नाही, तिथल्या खेळाडूचं नाव तुमच्या फिफा गेममध्ये सापडत नाही, आणि तरीही भर दुपारच्या उन्हात तिथं हजारो माणसं बसलेली असतात.

तुम्ही मँचेस्टरचे फॅन आहात की बार्सिलोनाचे, हे तुम्ही ठरवलेलं असतं. कुणी जर्सी आवडली म्हणून, कुणी मोठा भाऊ बघायचा म्हणून. कोल्हापुरात हा प्रश्न असा कुणी विचारतच नाही. तिथं विचारतात, "पेठ कुठली?" मंगळवार पेठ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: पाटाकडील, बालगोपाल का प्रॅक्टिस? शिवाजी पेठ म्हटलं की शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा का संध्यामठ? रविवार पेठेतला असशील तर दिलबहार. म्हणजे घर कुठल्या गल्लीत आहे, यावरून तुमची टीम जन्माआधीच ठरलेली असते. (माझी टीम कुठली, ते मी सांगणार नाही. सांगितलं तर निम्मे लोक आत्ताच अनसबस्क्राईब करतील.)

आता या नावांकडे जरा नीट बघा. पाटाकडील तालीम मंडळ. दिलबहार तालीम मंडळ. बालगोपाल तालीम मंडळ. खंडोबा तालीम मंडळ. फुटबॉल टीमच्या नावात 'तालीम' काय करतेय? तालीम म्हणजे कुस्तीची. लाल माती, लंगोट, जोर-बैठका, कोपऱ्यात मारुती. आजची सगळी गोष्ट या एका शब्दात आहे.

त्यासाठी थोडं मागं जाऊ. राजर्षी शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले आणि १९२२ साली गेले. या २८ वर्षांत त्यांनी काय काय केलं, त्यावर दहा एपिसोड होतील. आपल्याला आज त्यातलं एकच हवंय: कुस्ती. महाराज स्वतः कुस्तीचे दर्दी. पैलवानांना खुराक, राहायची सोय, मानधन, देशभरातल्या मल्लांना आमंत्रणं, हे सगळं दरबारातून. १९१२ साली खासबाग मैदान तयार झालं. मधोमध आखाडा आणि चारी बाजूंनी चढत गेलेली बसायची जागा, म्हणजे सगळ्यात मागं बसलेल्यालाही डाव दिसला पाहिजे. खेळाडूबरोबर प्रेक्षकाचा विचार करून बांधलेलं मैदान, तेही त्या काळात! कोल्हापूरच्या माणसाला 'बघायची' सवय तिथं लागली. डाव ओळखायचा, दाद द्यायची आणि चुकीचा निकाल दिला तर बोंब मारायची.

आणि गल्लोगल्ली तालमी. पण तालीम फक्त व्यायामाची जागा कधीच नव्हती. पेठेचा गणपती तालमीचा. शिवजयंती तालमीची. मोहरमचे पंजेसुद्धा कित्येक तालमींत बसतात. बाबूजमाल तालमीत तर गणपती आणि पंजा एकत्र असतात. कुणाच्या घरी लग्न निघालं, कुणी आजारी पडलं, कुणाची भांडणं मिटवायची असली, की तालमीतली पोरं हजर. २०१९ च्या महापुरातही लोकांना बाहेर काढायला आणि जेवण पोचवायला पेठांतली तालीम-मंडळांची पोरं आधी धावली. थोडक्यात, तालीम म्हणजे पेठेचं दुसरं घर.

मग या घरात फुटबॉल कुठून आला?

फुटबॉल भारतात आला इंग्रजांबरोबर, म्हणजे लष्कर, कॉलेजं आणि राजकुमारांच्या शाळा यांच्यामार्फत. कोल्हापूर संस्थानात छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, म्हणजे १९२२ ते १९४० या वर्षांत, खेळांना चांगला आश्रय मिळाला. पेठेतल्या पोरांनी चेंडू बघितला आणि तो उचलून तालमीत आणला. १९४० च्या सुमाराला कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहिली. हीच ती केएसए. पुढं १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. दरबार गेला, पण राजघराण्याचा केएसएशी असलेला संबंध तुटला नाही. तो आजही आहे.

इथं एक तुलना करूया, मजा येईल. इंग्लंडमधले मोठे क्लब कुठून आले? एव्हर्टन १८७८ साली एका चर्चच्या मंडळींतून. मँचेस्टर युनायटेड त्याच साली न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांतून. आर्सेनल १८८६ साली वुलिचच्या दारूगोळा कारखान्यातल्या कामगारांतून. म्हणून तर त्यांच्या छातीवर तोफ! आपल्याकडं कोलकात्यात मोहन बागान १८८९ चा, आणि त्यांनी २९ जुलै १९११ ला ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा तो विजय एका क्लबचा राहिला नाही. सगळीकडं एक गोष्ट सारखी आहे. माणसं आधीच एकत्र होती, चेंडू नंतर आला. कुठं चर्च, कुठं कारखाना, कोल्हापुरात तालीम. आणि म्हणूनच, माझ्या मते, कोल्हापुरात फॅन हा टीमपेक्षा जुना आहे. टीमला लोक मिळाले असं झालं नाही, लोकांनी टीम काढली.

आता स्टेडियमबद्दल एक गंमत. जुन्या कोल्हापुरात तळीच तळी होती. गांधी मैदान म्हणजे पूर्वीचं वरुणतीर्थ, तिथं पावसात आजही पाणी साठतं. आणि शाहू स्टेडियम जिथं आहे, तिथं होता रावणेश्वर तलाव. रावणेश्वराचं मंदिर शेजारी अजून आहे. म्हणजे आपण ज्याला मैदान म्हणतो, तो बुजवलेला तलाव आहे. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

सीझन सुरू होतो दिवाळीच्या आसपास, पण पहिली किक बसायच्या आधीच खरी धामधूम असते: खेळाडू नोंदणी. कुठला पोरगा या वर्षी कुठल्या तालमीकडून सही करतोय? आपला स्ट्रायकर पलीकडच्या पेठेत गेला, ही बातमी चहाच्या टपरीवर पेपरच्या आधी पोचते. आणि ती साधी ट्रान्सफर नसते बरं का! तो पोरगा रोज संध्याकाळी त्याच गल्लीतून गाडी काढणार, त्याच चौकात उभा राहणार. युरोपात खेळाडू क्लब सोडतो तेव्हा शहर सोडतो. इथं तो क्लब सोडतो आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याच शेजारी दूध घ्यायला उभा असतो.

मग साखळी सामने, शाहू छत्रपती केएसए लीग. वरच्या गटात १६ संघ. थंडीचे दिवस, रोज दोन सामने. खरा शौकीन आपली मॅच नसतानाही जातो, कारण दोन दिवसांनी ज्यांच्याशी गाठ आहे त्यांचा डावा विंगर कसा खेळतोय, ते बघायचं असतं. लीग म्हणजे संयमाचा खेळ, एक मॅच हरली तरी पुढची असते. वर कोण, यावर जितकी चर्चा तितकीच तळाला कोण, यावर. कारण खालच्या गटात घसरलेल्या तालमीला पुढच्या वर्षी मोठ्या पेठेशी मॅच नाही, आणि मोठ्या पेठेशी मॅच नाही म्हणजे चौकात बोलायला तोंड नाही.

लीग संपली की नॉकआउट स्पर्धा. महापौर चषक आणि असे एकामागून एक चषक. कुणाच्या स्मृतिप्रीत्यर्थ, कुणा नेत्याच्या नावानं, तर कुठं एखादी तालीमच आयोजक. इथं चूक माफ नाही. एप्रिलचं ऊन, डोक्यावर रुमाल, हातात कलिंगडाची फोड, आणि मॅच बरोबरीत सुटून टायब्रेकरला गेली की आख्ख्या गॅलरीचा श्वास अडकलेला. दहावी-बारावीच्या परीक्षा याच दिवसांत येतात. घराघरात त्यावरून काय होत असेल, ते मी सांगायला नको.

पूर्वी निकाल कळायचा तो मैदानावरून परतणाऱ्या सायकलींच्या आवाजावरून. गप्प आले तर हरले. आता मॅच यूट्यूबवर लाइव्ह असते, पुण्यात हिंजवडीला बसलेला पेठेतला पोरगा ऑफिसात मोबाइल टेबलाखाली धरून बघतो, आणि गोल झाला की स्टेटस. पण स्टेडियम रिकामं झालेलं नाही. एवढं तरी बरं आहे.

आता जरा टोचणारं बोलू.

पैसा वाढला तशा टीम बदलल्या. जिंकायचं तर बाहेरचा खेळाडू पाहिजे. गोवा, मुंबई, पुणे, आणि गेली बरीच वर्षं थेट आफ्रिकेतून आलेले खेळाडू तालमींच्या जर्सीत दिसतात. त्यांच्यामुळं खेळाचा वेग वाढला, हे मान्यच. एखादा नायजेरियन फॉरवर्ड महिन्याभरात पेठेचा लाडका होतो, पोरं त्याला कोल्हापुरीतल्या भन्नाट शिव्या शिकवतात, आणि तोही रश्श्यात भाकरी बुडवायला शिकतो. पण बाकावर बसलेल्या पेठेतल्या १९ वर्षांच्या पोराचं काय? त्याचे आजोबा या तालमीत मेहनत करायचे, वडील याच टीममध्ये बॅक खेळायचे, आणि तो सीझनभर ट्रॅकसूट घालून पाणी देतोय. जिंकलं तर मिरवणुकीत तोही नाचतो. पण टीम कुणाची, हा प्रश्न त्याला पडत असणार. बाहेरचे खेळाडू बंदच करा, असं मी म्हणणार नाही. मात्र अकरांत पेठेची पोरं किती, यावर पक्की मर्यादा हवीच हवी. नाहीतर नाव तालमीचं आणि गाव भलत्याचंच.

दुसरी गोष्ट हाणामारीची. हे टाळून कोल्हापूरच्या फुटबॉलवर बोलणं म्हणजे खोटं बोलणं. पंचाचा एक निर्णय, गॅलरीतून एक घोषणा, मग दगड, मग रस्त्यावर पळापळ. खेळाडूंवर बंदी, संघांना दंड, समर्थकांवर गुन्हे, हे सगळं झालंय. स्पर्धा अर्धवट थांबल्यात. पोलिसांनी बंदोबस्त नाकारला की सामना होत नाही, आणि सामना झाला नाही की शिक्षा कुणाला? दगड मारणाऱ्याला नाही. वर्षभर पहाटे उठून पळणाऱ्या पोराला. त्याच्या आयुष्यातले मोजून सात-आठ सीझन असतात, त्यातला एक गेला. जी पेठ टीम जन्माला घालते, तीच तिचा सीझन गिळते. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनानं सीझन बंद पाडला तेव्हा सगळ्यांना हळहळ वाटली. पण त्याला निदान कुणाचा इलाज नव्हता.

इतकी गर्दी, इतकं प्रेम, मग खेळाडू वर किती गेले? ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील मुलांचा वर्ल्ड कप झाला. भारताच्या टीममध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. ६ ऑक्टोबरला दिल्लीत अमेरिकेविरुद्ध पहिली मॅच, भारत ०-३ हरला, पण इकडं पेठापेठांत लोक टीव्हीसमोर बसले होते. त्या दिवशी सगळ्या पेठांची टीम एकच होती! पण एक बघा, अनिकेत लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि तिथं घडला. तालमीच्या लीगनं त्याला फुटबॉलचं वेड दिलं असेल, पण शिकवलं दुसऱ्या कुणीतरी. लहान वयाच्या पोरांना शिकवणारे कोच, बारा-चौदा वर्षांखालच्यांची नियमित लीग, यावर एका परदेशी खेळाडूच्या मानधनाएवढा पैसा प्रत्येक तालमीनं घातला तरी चित्र बदलेल.

आणि पोरी? तालीम ही मुळात पुरुषांची जागा. पेठेतली पोरगी गॅलरीत बसून ओरडू शकते, पण 'आपल्या' टीमची जर्सी घालून मैदानात उतरू शकत नाही, कारण तशी टीमच नाही. तरी कोल्हापूरच्या मुली थांबल्या नाहीत. 'एफसी कोल्हापूर सिटी' ही टीम २०१९-२० च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळली, म्हणजे देशातल्या महिलांच्या सगळ्यात वरच्या स्पर्धेत! पुरुषांच्या कुठल्याही तालमीला त्या पातळीवर पोचता आलेलं नाही. त्या टीमच्या नावात पेठ नव्हती, तालीम नव्हती, नुसतं शहर होतं. त्यांच्यासाठी किती चौकांत फटाके वाजले, ते तुम्ही तुमच्या पेठेत विचारून बघा आणि कमेंटमध्ये सांगा.

सीझन संपतो तो मे महिन्याच्या शेवटाला, कधी जूनच्या तोंडावर. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की आयोजकांची घाई सुरू होते, फायनल उरकायची असते. मग खरा पाऊस लागतो आणि मैदानात पाणी साठायला लागतं. बुजवलेला रावणेश्वर तलाव आपली जागा मागतो, म्हणा ना. ज्या वर्षी जून-जुलैत वर्ल्ड कप असतो, त्या वर्षी चौकाचौकांत छत्रीच्या वर मेस्सी आणि नेमारचे कटआउट उभे राहतात, अर्धी पेठ अर्जेंटिना आणि अर्धी ब्राझील होते. बाकीच्या वर्षी पोरं तालमीच्या कट्ट्यावर पावसाकडं बघत बसतात, आणि दिवाळीनंतर कोण कुणाकडून सही करणार, यावर पैजा लावतात.

पुढच्या एपिसोडमध्ये खासबाग मैदानाची गोष्ट, सविस्तर. भेटू.