क्वेसारच्या उजेडातल्या काळ्या रेषा: न दिसणारा गॅस दीर्घिकांबद्दल काय सांगतो?

क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या केंद्रातलं महाकाय कृष्णविवर आणि त्यात पडता पडता तापून उजळलेला गॅस. १९६३ मध्ये मार्टिन श्मिट यांनी ३सी २७३ या क्वेसारच्या वर्णपटाचं कोडं सोडवलं. त्याचा उजेड आपल्याकडे यायला सुमारे २०० कोटी वर्षं लागतात, तरी तो साध्या आठ इंची दुर्बिणीतून ठिपक्यासारखा दिसतो. एवढा प्रखर दिवा इतक्या लांब असल्याचा मोठा फायदा म्हणजे वाटेत जे जे आहे, त्याची खूण त्या उजेडात उमटते.

आमच्या तळेगाव ढमढेरे भागात उसाच्या दिवसांत गुऱ्हाळाचा धूर रात्री वेगळा दिसत नाही. पलीकडून गाडीचा हेडलाइट आला की मात्र मध्ये धूर आहे हे लगेच कळतं. इथेही तसंच आहे. हायड्रोजनचा अणू १२१.६ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतो (या रेषेला लायमन-अल्फा म्हणतात), मॅग्नेशियमचा आयन २७९.६ आणि २८०.३ वर जोडरेषा देतो. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे या रेषा लांब तरंगलांबीकडे सरकतात, म्हणजे त्यांना ताम्रसृती मिळते. ढगाची ताम्रसृती २.४ असेल तर लायमन-अल्फा १२१.६ गुणिले ३.४, म्हणजे सुमारे ४१३ नॅनोमीटरवर सापडते. अतिनील रेषा जांभळ्या रंगात आली! रेषेच्या जागेवरून ढग कोणत्या काळातला ते कळतं, आणि तिच्या खोली-रुंदीवरून गॅस किती ते.

माझ्या मते या पद्धतीची खरी ताकद वेगळीच आहे. रेषेची खोली ढग किती लांब आहे यावर अवलंबून नसते, फक्त मागचा दिवा पुरेसा प्रखर लागतो. फोटोत आधी तेजस्वी दीर्घिका येतात, अंधुक मागे राहतात. शोषण रेषांत तो पक्षपात नाही. तारे नसलेला नुसता गॅसही हजेरी लावतो.

पातळ ढगांच्या शेकडो बारीक रेषा मिळून ‘लायमन-अल्फाचं जंगल’ तयार होतं, ते दीर्घिकांमधल्या मोकळ्या जागेतल्या विरळ गॅसचं. सर्वांत जाड ढगांना डीएलए म्हणतात: नजरेच्या रेषेत दर चौरस सेंटिमीटरमागे हायड्रोजनचे २ गुणिले १० चा २० वा घात किंवा त्याहून जास्त अणू. तारे घडवायचा कच्चा माल इथे असतो. सुरुवातीच्या काळातल्या डीएलएमध्ये जड मूलद्रव्यांचं प्रमाण साधारणपणे सूर्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतं आणि पुढच्या काळात ते वाढत जातं. कारण जड मूलद्रव्यं ताऱ्यांतच शिजतात.

आता पुण्याकडे येऊ. आयुकातले रघुनाथन श्रीआनंद आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये एका डीएलएमधल्या कार्बनच्या रेषांवरून, २.३४ ताम्रसृतीच्या काळात विश्वाची पार्श्वभूमी ६ ते १४ केल्विन होती असं दाखवलं. आज ती २.७ आहे. महास्फोट सिद्धांताचं गणित तेव्हासाठी ९.१ सांगतं. म्हणजे ढगाचा थर्मामीटर झाला.

दुसरा थर्मामीटर जुन्नर तालुक्यात खोडदला आहे. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेडिओ रेषा ऐकतात. मूळ वारंवारता १४२० मेगाहर्ट्झ, ताम्रसृती २.४ ला ती ४१८ वर येते. लायमन-अल्फा एकूण हायड्रोजन सांगते, तर २१ सेंटिमीटरचं शोषण गॅस थंड असेल तर जास्त आणि गरम असेल तर कमी होतं. दोन्ही मोजली की तापमान निघतं. (क्वेसारचा रेडिओ भाग ढगापेक्षा मोठा असेल तर हिशोब बिघडतो, म्हणून तो वेगळा तपासावा लागतो.) एनसीआरएचे निस्सीम काणेकर आणि सहकाऱ्यांच्या कामातून दिसलं की प्राचीन डीएलएमधला बहुतेक गॅस उबदार आहे, आणि जड मूलद्रव्यं कमी तिथे तापमान जास्त. गॅसला उष्णता बाहेर टाकायला हीच मूलद्रव्यं मदत करतात. ती नसली तर गॅस थंड होत नाही, आणि थंड झाल्याशिवाय तारे होत नाहीत.

एक मर्यादा मात्र राहते: रेषा एकाच नजरेच्या वाटेवरची. पूर्ण दीर्घिकेत गॅस किती, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी एनसीआरएच्या आदित्य चौधरी आणि सहकाऱ्यांनी सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या ७,६५३ दीर्घिकांचे रेडिओ सिग्नल एकावर एक रचून सरासरी काढली (नेचर, २०२०). एकेकीचा सिग्नल नॉइजमध्ये बुडालेला होता, पण बेरजेत वर आला. आम्ही सॉफ्टवेअरवाले गोंगाट असलेल्या डेटाशी हेच करतो. निष्कर्ष असा की त्या दीर्घिका ज्या वेगाने तारे घडवत होत्या, त्या वेगाने हा गॅस १०० ते २०० कोटी वर्षांतच संपला असता. बाहेरून नवीन गॅस पुरेसा आला नाही, म्हणून पुढे ताऱ्यांचा जन्मदर घसरला असं ते मांडतात.

हे सगळं शांततेवर चालतं, कारण ४१८ मेगाहर्ट्झला ऐकायचं म्हणजे माणसांच्या वापरातल्या पट्ट्यातच ऐकायचं. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेच्या नारायणगावाकडून जाणाऱ्या मार्गाला जीएमआरटीने हरकत घेतली ती याचसाठी. मार्ग बदलावा लागेल असं पुढे रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं, आणि जुन्नर-आंबेगावमधल्या अनेकांना ते पटलेलं नाही. रेल्वेची त्यांची गरज खरी आहे. पण डिश उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत, आणि विजेवर धावणाऱ्या गाडीचा रेडिओ गोंगाट सॉफ्टवेअरने पूर्ण पुसताही येत नाही.